रांझ्याचा कागद

खेड-शिवापूरच्या अंगाला, भोर तालुक्याच्या हद्दीत रांझे म्हणून गाव आहे. गाव लहान, पण महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला त्याचे नाव ठाऊक असते. रांझ्याच्या पाटलाने एका गरीब बाईची अब्रू घेतली नि शिवरायांनी त्याचे हातपाय तोडले, ही कथा आम्ही मास्तर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. ती ऐकताना वर्ग कसा चिडीचूप होतो, हे ज्याने खडू हाती धरला त्यालाच कळावे!

कथेमागे अस्सल कागद आहे. जानेवारी 1646 चा. महाराज तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे. मौजे रांझ्याचा मोकदम बाबाजी भिकाजी गुजर याच्या हातून बदअमल झाला, चौकशीत तो शाबीत झाला, म्हणून त्याचे हातपाय तोडले. पुढे त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराने त्याला सांभाळण्याचे पत्करले, तेव्हा त्याला सोनजीच्या हवाली केले नि गावची पाटिलकीही सोनजीला दिली. झाले. या कागदात बाई नाही. तिचे नाव नाही, तिची जबानी नाही. ‘बदअमल’ हा एकच शब्द, नि त्याचा अर्थ गैरवर्तन. बाईची हकीकत आपल्याकडे परंपरेने आली आहे. ती खोटी असे मी म्हणत नाही. पण कागदाने जी जागा कोरी सोडली ती सांगणाऱ्यांनी आपापल्या मनाने भरली, हे मात्र खरे. या कथेतली बाई नेहमी तरुण, भोळी, पदराने डोळे टिपणारी. ती कधी तोंडाळ नसते, चाळिशीची नसते, मोकदमाकडे आपले जुने येणे मागायला गेलेली नसते.

हा विचार माझ्या डोक्यात आला तो वेल्ह्याला. (सरकारदरबारी हा तालुका आता राजगड झाला आहे, आमच्या जिभेला अजून वेल्हेच येते.) नवराबायकोचे तंटे ऐकून सल्ला देण्याचे शिक्षण घेणारी काही तरुण मुलेमुली तिथे जमली होती. समुपदेशक म्हणतात त्यांना. जुन्या न्यायाविषयी चार शब्द सांगा, म्हणून मला बोलावणे होते. रांझ्याची कथा ऐकून साऱ्यांचे डोळे चमकले. मग त्यांच्या बाईंनी सरावासाठी एक कल्पित प्रकरण पुढे ठेवले : नवऱ्याचा मार तीन वर्षे सोसून घर सोडलेली बत्तीस वर्षांची बाई, लुगडे नीटनेटके, आवाज चढा, डोळे कोरडे. तिला काय विचाराल?

प्रश्न भराभर आले. तीन वर्षे गप्प का बसली? माहेरचे कान भरतात का? स्वयंपाकपाणी वेळेवर करते का? मुलींचे प्रश्न मुलांहून तिखट होते. नवऱ्यासाठी मात्र एकच प्रश्न निघाला : पितो का? म्हणजे पीत असला तर दोष बाटलीचा, नि पीत नसला तर बायकोचा! आणि नवराच मार खाऊन आला तर, असे विचारताच सगळे हसले. त्या बिचाऱ्याला तर दारातूनच परत जावे लागले असते.

खेड्यातली पोरे म्हणून कुणी हिणवू नये. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. 1974 साली सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूरला उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला. रात्रीच्या वेळी ठाण्यात, शिपायांपुढे, एका अनाथ पोरीने ओरडायचे तरी कुणाला? 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुणे विद्यापीठातल्या वसुधा धगमवार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून हेच विचारले. देशभर बायका रस्त्यावर आल्या, 1983 साली कायदा बदलला. तरी तक्रार करणारीच्या चालचलणुकीवर बोट ठेवण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यातून गेली ती 2002 च्या दुरुस्तीने.

1984 साली दोन गोष्टी घडल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया नि मुलांसाठी विशेष कक्ष काढला. ठाण्यात बाईचे म्हणणे ऐकायला शिकलेले माणूस बसू लागले. त्याच वर्षी कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, त्यात समुपदेशकाला जागा मिळाली. पण त्या कायद्याचा ओढा पहिल्यापासून समेटाकडे. समेट वाईट असे कोण म्हणेल? मात्र ऐकणारा आधीच समेटाच्या घाईत असला, की वाकायचे कुणी हेही आधीच ठरून जाते.

वेल्ह्याचा वर्ग उठण्याच्या बेतात होता, तेव्हा मागच्या रांगेतली, इतका वेळ अवाक्षर न बोललेली एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, त्या सोनजीनं पाटलाला सांभाळायचं पत्करलं म्हणता. हातपाय नसलेला माणूस. त्याला रोज भरवायचं, धुवायचं कुणी? सोनजीच्या बायकोला कुणी विचारलं होतं का?”

खसखस पिकली. मी कागदाची नक्कल पुन्हा उघडली आणि तिच्या हातात दिली.