वर सरकलेली वाडी

आमची वाडी बामणोलीच्या पलीकडं, कोयनेच्या काठाला. काठ म्हणजे आताचा. खरी नदी खाली, धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पोटात, आणि आजी लग्न होऊन आली ते घरही तिथंच. तिच्या बोलण्यात सन कधी नसायचा. 'धरणाच्या आधी' नाहीतर 'भुईकंपाच्या नंतर', बस्स. धरणाच्याही मागचं सगळं एकाच गाठोड्यात. वासोटा किल्ल्यावरून पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी लढलेली ताई तेलीण ती अशी सांगायची, की लहानपणी मला ती आमचीच कुणी चुलतआजी वाटे.

खाली भाताची खाचरं होती म्हणे. 1962 च्या आसपास पाणी चढायला लागलं, तशी भावकी पांगली. कुणी सोलापूरकडं, कुणी ठाण्याकडं. आजोबा हटले नाहीत. दाराची चौकट, उखळ आणि वाघजाईचा तांदळा घेऊन ते डोंगराला वर सरकले. (उखळ कुणी वाहिलं, यावर दोघा भावांचं अखेरपर्यंत जमलं नाही.)

वर भात कसला पिकतोय! नाचणी आणि वरी. आजी हुलग्याचं माडगं करायची, वर लसणाची फोडणी. मृगात खेकडे, मग कुर्डूची भाजी, श्रावणात करटुली. उन्हाळ्यात पोरंठोरं हिरडे वेचायला रानात. शेकरू डोक्यावरून उड्या मारत जायची, तिचं कुणाला कौतुक नव्हतं. कौतुक कारवीचं. सात वर्षांनी फुलली की त्या मधाची वाट सगळी वाडी बघायची.

त्या कारवीनंच आम्हाला राखलं, असं आजी म्हणायची. 11 डिसेंबर 1967 ची, भुईकंपाची पहाट. कोयनानगरात दगडामातीची घरं बसली, माणसं दबली. आमचं घर कारवीच्या कुडाचं; डोललं, सारवण पडलं, पण उभं राहिलं. आजोबा त्या वेळी मुंबईत होते की घरी, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

पुढं घरटी एक गडी मुंबईला माथाडीत गेलाच. गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं आणि पैसे गावी धाडायचे.

इथल्या पाण्यावर पोफळीला वीज झाली, राज्यभर गेली. आजी मात्र कितीतरी वर्षं चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होती. आणि बदली जमिनीच्या हिशेबासाठी कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून मोर्चे काढतेय.