एकाच गावात नेमणूक

परवा माळा आवरताना 2009 सालची एक फाईल सापडली. आत आम्हा दोघांच्या मार्कमेमोंच्या साक्षांकित झेरॉक्स, पासपोर्टसाठी काढलेले चोरासारखे दिसणारे फोटो आणि तळाशी एक पत्र. पत्र फक्त बायकोच्या नावाचं. इथियोपियातल्या एका विद्यापीठात इंग्रजी शिकवायला या, असं त्यात लिहिलेलं.

तेव्हा आम्ही दोघंही सी.एच.बी.वर होतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तासावर पैसे, सुट्ट्यांचे पैसे नाहीत, दरवर्षी जूनमध्ये नव्याने अर्ज. मी एका गावात इतिहास शिकवायचो, ती दुसऱ्या गावात इंग्रजी, आणि भेट व्हायची ती बहुतेक नांदेड-लातूर एस.टी.त. कायम जागेसाठी जो आकडा एका ठिकाणी कानावर आला तो ऐकून सासरे दोन दिवस जेवले नाहीत. त्या सुमारास इथियोपियात भराभर नवी विद्यापीठं उघडत होती आणि मराठवाड्यातले बरेच प्राध्यापक तिकडे जात होते. हैदराबादला मुलाखत होती. आम्ही दोघंही गेलो, निवडली गेली ती एकटी. इंग्रजीला मागणी होती, इतिहासाला नव्हती. (इतिहासाला कधी असते?)

जावं की नाही हे ठरेना, म्हणून लातूरला काकूकडे गेलो. कारण आमच्या घरात हा उद्योग आधी एकदा होऊन गेला होता.

काका-काकू 1966 ते 1975 इथियोपियात मास्तर होते. घरात याचा उल्लेख "आफ्रिकेत असताना" एवढाच व्हायचा. कागद म्हणाल तर काहीच उरलं नाही. गाव औसा तालुक्यातलं, 1993 च्या भूकंपात वाडा बसला. माणसं वाचली, ट्रंका गेल्या. त्यामुळे पुढचं बरंचसं काकूच्या तोंडचं आहे आणि इतिहासाचं तेवढं मी पुस्तकांतून ताडून घेतलंय.

काकांचं इंग्रजी हा खरं तर चमत्कारच. जन्म 1937 चा, नांदेड जिल्ह्यातला, म्हणजे निजामाच्या राज्यातला. तिथे 1918 साली उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ निघालेलं, आणि खालच्या शाळांतही वरच्या वर्गात गेलं की उर्दू. काकांनी भूगोल उर्दूत सुरू केला, 1948 ची पोलीस ॲक्शन झाली आणि तोच भूगोल मराठीत संपवला. इंग्रजी नांदेडात आणि पुढे हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये पक्कं झालं. ही संस्था 1958 ची. वाक्यांचे साचे घोटून घ्यायचे, व्याकरण शिकवायचं नाही, अशी तिथली तेव्हाची तऱ्हा. काका शेवटपर्यंत आम्हा पुतण्यांना खिडकी उघडायला लावून "मी काय करतोय?" हे इंग्रजीत विचारायचे. काकू लातूरची, दयानंद कॉलेजच्या पहिल्या काही तुकड्यांतली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं.

आता इथियोपियाच का? 1936 ते 1941 तो देश इटलीच्या ताब्यात होता आणि शिकलेल्या माणसांची एक आख्खी पिढी त्यात मारली गेली. सम्राट हैले सेलासी परत आले तेव्हा शाळा काढायच्या होत्या आणि मास्तर नव्हते. सातवीपासून पुढे माध्यम इंग्रजी. मग इंग्रजी येणारे, कमी पगारात राजी होणारे आणि थंडीला न कुरकुरणारे लोक हवेत, ते भारतात मिळाले. पहिला मान केरळचा. तिथली सीरियन ऑर्थोडॉक्स आणि इथियोपियाची ऑर्थोडॉक्स मंडळी धर्माने भाऊबंद. पुढे बिशप झालेले पॉल व्हर्गीस 1947 साली तिकडे मास्तर म्हणूनच गेले होते. सम्राट 1956 मध्ये भारतात येऊन गेले. 1962 पासून अमेरिकेच्या पीस कोअरची पोरं-पोरीही आली, पहिल्याच वर्षी तीनशेच्या आसपास. ती दोन वर्षांनी परत जायची. भारतीय मास्तर राहायचे, कारण त्यांना घरी पैसे पाठवायचे असत.

आपल्याकडून कोणी गेलं की सगळे "इतक्या लांब?" म्हणतात. अहो, चारशे वर्षांपूर्वी एक माणूस बरोबर उलटा प्रवास करून आला होता. मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला जात जात इथियोपियातून दख्खनेत पोचला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. असो, इतिहासाच्या मास्तरला विषयांतर माफ.

मुलाखत मुंबईत झाली आणि दोघांनाही घेतलं. घरात रडारड. पण 6 जून 1966 ला सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं: डॉलरला 4.76 रुपये पडायचे ते 7.50 झाले. इथियोपियाचं चलन अडीचाला एक अमेरिकन डॉलर असं बांधलेलं. म्हणजे तिकडचा जो एक डॉलर आदल्या दिवशी 1 रुपया 90 पैशांचा होता तो एका रात्रीत तीन रुपयांचा झाला. आजोबांनी हा हिशेब पाटीवर मांडून बघितला आणि मग म्हणाले, जा. (पगाराचा आकडा मला माहीत आहे. लिहिणार नाही, अजून दोन आत्या आहेत.)

ऑगस्टात निघाले. लातूरहून बार्शी लाईटच्या अरुंद रुळांवरून कुर्डुवाडी, तिथून मुंबई, मग एडनमार्गे अदिस अबाबा. खिशात तीन पौंड, त्याहून जास्त परकीय चलन नेता येत नसे. ट्रंकेत ज्वारीचं पीठ, मेतकूट आणि काळा मसाला.

अदिसला पोचल्यावर कळलं की नेमणुका दोन गावी झाल्यात. काकांची देस्सेला, काकूची देब्रे बरहानला. मधे दोनशे सत्तरेक किलोमीटर घाट. घोळ असा झाला होता: तिकडे बाईचं नाव लग्नानंतर बदलत नाही. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबांचं. आणि आपल्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं. यादी करणाऱ्याने काकूच्या नावातलं मधलं नाव वाचलं, ते काकांचं निघालं, आणि त्याने आपल्या समजुतीने अगदी बरोबर निष्कर्ष काढला की ही यांची मुलगी. मुलीला वडिलांच्याच गावी कशाला द्यायचं? त्यात काकूचे कॉलेजचे कागद माहेरच्या नावाचे, म्हणजे ती तिसरीच कोणीतरी. लग्नाचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका होती, ती मराठीत!

हे निस्तरायला एक वर्ष गेलं. त्या वर्षाबद्दल काकू फार बोलली नाही. देब्रे बरहानला रात्री हाडं गोठवणारी थंडी, आणि घड्याळ उलटं. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणून शाळा "दोन वाजता" भरते, ते आपले सकाळचे आठ. वर्षाला महिने तेरा आणि सन आपल्या सात-आठ वर्षं मागे. "मी चोवीस वर्षांची होते, तिथं उतरले अन् सोळाची झाले बघ," असं ती हसून सांगायची. सुट्टीत टारमाबेरचा इटालियनांनी खोदलेला बोगदा ओलांडून बसने देस्से. बाजारात पहिल्यांदा गेली तर समोर पोतंभर कारळं. तिकडे त्याला नूग म्हणतात. त्या दिवशी खोलीत खलबत्ता नव्हता, दगडावर चटणी वाटली. कारळं मूळचं तिकडचंच, शास्त्रीय नावातच अबिसिनिया आहे. ज्वारीही ईशान्य आफ्रिकेतली. म्हणजे भाकरी आणि कारळाची चटणी हे आपलं अस्सल मराठवाडी जेवण त्यांच्याकडून आलेलं, आणि काकू तेच पीठ ट्रंकेतून तिकडे घेऊन गेली होती. बुधवार-शुक्रवार तिथल्या लोकांचा उपास, त्या दिवशी मांस-दूध-अंडं काही नाही, त्यामुळे तिचं खाण्याचं कधी अडलं नाही.

1967 पासून दोघं देस्सेला एकत्र. इथवरचं काकू रंगवून सांगायची. पुढचं तिने 2009 च्या त्या दुपारीच पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही मी खोदून विचारलं म्हणून. "कशाला उकरायलास रे जुनं?" असं दोनदा म्हणाली.

1972 चा आपला दुष्काळ सगळ्यांना माहीत आहे. आजोबांची पत्रं जायची: विहीर आटली, गुरं सोडून दिली, अमक्याची सून खडी फोडायला जाते, पोरांना सुकडी मिळते, रेशनला लाल मिलो. कामांवर त्या वेळी महाराष्ट्रात शेवटी शेवटी पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. काका दर महिन्याला पैसे पाठवत. विहीर खोल करायचं चाललं होतं.

आणि देस्से म्हणजे वोल्लो प्रांताचं मुख्य ठिकाण. पाऊस तिथेही गेला होता. 1973 मध्ये खालच्या मुलखातली माणसं रस्त्याने चालत वर यायला लागली. रस्त्याच्या कडेला बसायची. काही उठायची नाहीत. काकूच्या वर्गातली खेड्यातून येऊन भाड्याने राहणारी पोरं कमी होऊ लागली. ती हजेरी घ्यायची, नाव पुकारायची, कोणीतरी सांगायचं "गेला". कुठे गेला हे तिने विचारलं नाही. तिथलं सरकार दुष्काळ आहे हेच कबूल करत नव्हतं. ऑक्टोबर 1973 मध्ये जोनाथन डिम्बलबी यांचा चित्रपट ब्रिटनच्या टीव्हीवर दाखवला गेला तेव्हा जगाला कळलं. किती मेले याचे अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत.

"अन् भाव?" मी विचारलं.

"तेच तर," काकू म्हणाली. "भाव काहीच वाढला नाही. बाजारात तेफ होतं, ज्वारी होती. मी रोज आणत होते."

मला हे तेव्हा पटलं नव्हतं. नंतर अमर्त्य सेन यांचं 1981 चं पुस्तक वाचलं. त्यात इथियोपियाच्या दुष्काळावर आख्खं प्रकरण आहे आणि त्यांचं म्हणणं हेच: देस्सेच्या बाजारात भाव फारसे चढले नाहीत, उलट वोल्लोतून धान्य बाहेर जात होतं. ज्यांचं पीक बुडालं, गुरं मेली, त्यांच्या हातात विकत घ्यायला काही उरलंच नव्हतं. मागणीच नाही तर भाव कशाला वाढेल? पुढे 1989 मध्ये सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राच्या 1972-73 बद्दल लिहिलं, की तिथे कामं काढली, हातात मजुरी पडली, म्हणून माणसं जगली. आमच्या घरातली दोन माणसं पहिल्या पुस्तकात राहत होती आणि पैसे दुसऱ्या पुस्तकात पाठवत होती. काकांनी त्या वर्षीही एकदाही मनीऑर्डर चुकवली नाही. काकू त्यांना एकदा म्हणाली होती, या महिन्याचे इथे देऊ. काका म्हणाले, विहीर अर्धी झाली आहे.

"मग दिले?"

"नाही दिले. पोरांना घरी जेवायला बोलवायचे मी. चार-पाच पोरं. तेवढंच."

12 सप्टेंबर 1974 ला सम्राटांना पदच्युत केलं. डिसेंबरपासून वरच्या वर्गांतली पोरं मोहिमेवर खेड्यांत पाठवली गेली, वर्ग ओस पडले, करार पुढे झाला नाही. 1975 मध्ये दोघं परत आले तर इथे आणीबाणी. काकूला लातूरला शाळा मिळाली, काकांना नांदेडला. पुन्हा दोन गावं. निवृत्तीपर्यंत तसंच.

आम्ही इथियोपियाला गेलो नाही. बायको म्हणाली, दोघांचं पत्र आलं असतं तर बघितलं असतं. अजूनही कधीतरी, विशेषतः जूनमध्ये, ती म्हणते की जायला हवं होतं. मला दरवेळी वेगळं वाटतं.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणलं ते आठवत असेल. मिरजेहून टँकरची गाडी, कुर्डुवाडीवरून. काकू तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती, हट्टाने रिक्षा करून स्टेशनकडे बघायला गेली, मी सोबत. ती विहीर कोरडी पडून चार वर्षं झाली होती. गर्दी होती, पोलीस होते, लांबूनच बघितलं. ती बराच वेळ रुळांकडे बघत उभी होती. म्हणाली, "आम्ही गेलो तवा हे रूळ एवढुसे होते." आणि दोन्ही हातांनी अंतर दाखवलं.