तंजावरची छत्रे

बमरोली-पांडेसरा भागातील आपल्या जुन्या घरांना पाहुण्यांचे नावीन्य नाही. खानदेशातून कोणी कामाच्या शोधात येतो, कोणी रुग्णाला घेऊन येतो; एकाला उपवासाचे लागते, दुसऱ्याला पथ्याचे. मुलखापासून दूर राहिलेल्या मराठ्यांनी हीच गोष्ट राज्यकारभारात कशी आणली, हे पाहण्यासाठी मात्र तंजावरकडे वळावे लागते.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेले ते राज्य १७९९च्या तहाने कंपनी सरकारकडे गेले. दुसऱ्या सरफोजीराजांपाशी किल्ला आणि तनखा तेवढा उरला. अशा स्थितीत १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले, ते रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांसाठी. पूर्वजांनी यात्रेकरूंकरिता बांधलेली ही अन्नछत्रे आपल्याच हाती राहावीत, अशी त्यांची विनंती होती.

छत्रांत काय चाले, ते या पत्रात सविस्तर आले आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, फकीर अशा सर्वांना शिजवलेला भात मिळे. तो न घेणाऱ्यांना कोरडा शिधा. त्यामागे सोवळेओवळे होते, हे झाकण्यात अर्थ नाही. परंतु त्यापायी कोणी उपाशी जात नसे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी जेवायचे राहिले असल्यास यावे, अशी दवंडी दिली जाई. आजाऱ्यांना वैद्य, औषध आणि पथ्याचे अन्न; तान्ह्यांना दूध. वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीला पुढे तीन महिने राहण्याची मुभा असे. परक्यांच्या पोरक्या मुलांना पंतोजींच्या हवाली करून दिवसातून तीनदा जेवू घालीत आणि चार दिवसांनी एकदा तेल लावीत.

माझी हयात सरकारी नियमावल्यांत गेली. आमच्या विश्रामगृहांत पाहुण्याच्या मुक्कामाची मर्यादा आधी ठरे, अडचण नंतर विचारली जाई. येथे सबळ कारणाने अडलेल्या प्रवाशाला, तो राहील तोवर अन्न होते. तेल लावण्याचा दिवसही ज्या राजाला ठाऊक होता, त्याने ही माहिती केवळ रेसिडेंटवर छाप पाडण्यासाठी गोळा केली असेल, असे मला वाटत नाही. राज्य गेल्यावरही यजमानपण आपल्याकडे राहावे, हा त्याचा आग्रह होता.

पुढे १८०२च्या सुमारास सरफोजींनी ओरतनाडू येथे मुक्तांबाळच्या नावे आणखी एक मोठे छत्र उभारले. तेथे भोजनाबरोबर पाठशाळाही चाले. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले आणि तंजावरची गादी खालसा झाली. ओरतनाडूची ती वास्तू मात्र अद्याप उभी आहे.