माजघरातील शुश्रूषा : पेण आणि रोह्यातील वृद्धसेवेचा अलिखित इतिहास

पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या इतिहासात मिठागरे, भातशेती, खाडीतील बंदरे, गणेशमूर्ती आणि रेल्वे यांची माहिती सविस्तर मिळते. मात्र येथील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका कामाची, म्हणजे विसर पडू लागलेल्या वृद्धांच्या सांभाळाची, दखल फारशी कोणी घेतलेली नाही. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई आणि त्याचे गॅझेटियर १८८३ साली प्रसिद्ध झाले. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडसर, मूकबधिर, अंध आणि महारोगी यांची मोजदाद होत असे. परंतु म्हातारपणी स्मृती ढासळलेल्यांसाठी त्या तक्त्यांत वेगळा रकाना नव्हता, कारण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ती अवस्था वयाचाच भाग मानली जाई.

या अवस्थेला आज वैद्यकशास्त्रात स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. मेंदूतील पेशींचा ऱ्हास होऊन स्मरण, भाषा, दिशाभान आणि निर्णयशक्ती हळूहळू कमी होत जाणे आणि अखेरीस रोजचे व्यवहारही दुसऱ्याच्या आधाराशिवाय न जमणे, असे तिचे स्वरूप असते. तिचे सर्वाधिक आढळणारे कारण असलेल्या आजाराचे वर्णन जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम केले आणि १९१० पासून तो त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच काळात मुंबई इलाख्यात मनोरुग्णालये उभी राहत होती. रत्नागिरीचे १८८६ साली आणि ठाण्याचे १९०१ साली सुरू झाले. मात्र १९१२ च्या कायद्यानुसार तेथील प्रवेश मुख्यतः दंडाधिकाऱ्याच्या आदेशावर अवलंबून असे आणि कायद्याचा रोख समाजाला उपद्रव होऊ नये याकडे अधिक होता. घरातल्या घरात वाट चुकणाऱ्या, जेवल्यावर पुन्हा जेवण मागणाऱ्या वृद्धाचा विचार त्या व्यवस्थेत नव्हता, आणि त्यामुळे त्याची शुश्रूषा माजघरातच राहिली.

ती तेथे निभावली जाण्यामागे येथील व्यवसायांच्या रचनेचाही वाटा होता. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार होऊ लागला तशी मूर्तींची मागणी वाढली आणि पेण शहरात व हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत मूर्तिकला हा घरोघरचा धंदा बनला. शाडूची माती मळणे, ती साच्यात दाबणे, सुकलेली मूर्ती घासून गुळगुळीत करणे, रंग चढवणे आणि शेवटी ‘आखणी’, म्हणजे डोळे, भुवया व बारीक रेषा रंगवण्याचे सर्वांत नाजूक काम, हे सारे ओटी-पडवीत चाललेले असे. त्यामुळे काम करणाऱ्यांची नजर पडवीत बसलेल्या वृद्धावर आपोआप राही. स्मृतिभ्रंशात नुकत्याच घडलेल्या गोष्टी आधी पुसल्या जातात, तर हाताला बसलेले काम तुलनेने उशिरापर्यंत टिकते. म्हणून मुलाचे नाव न आठवणाऱ्या माणसालाही मातीचा गोळा मळत बसण्याइतकी जागा अशा घरात मिळू शकत असे. शेती आणि मिठागरे, म्हणजे खाडीचे पाणी वाफ्यांत अडवून उन्हाने मीठ पिकवण्याची ठिकाणे, यांवर जगणाऱ्या वाड्यांत माणसे दिवसभर बाहेर असत. तेथे लहान मुले आणि शेजारीपाजारी ही राखण करीत.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची किंमत कोणी मोजली हे विसरता येत नाही. न्हाऊ घालणे, भरवणे, मलमूत्र काढणे, रात्री उठून दाराची कडी तपासणे ही कामे सुनांच्या वाट्याला येत आणि ज्या जातींत विधवाविवाह निषिद्ध होता, तेथे माहेरी किंवा सासरी आश्रित म्हणून राहिलेल्या विधवांच्या वाट्याला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने मराठी स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा शुश्रूषा ही शिकण्याजोगी, मोबदल्याची आणि मानाची विद्या आहे हे समाजापुढे आले. रुग्णालयात हे मान्य झाले. घरात मात्र तेच काम कर्तव्य म्हणून विनामोल राहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रचनेचा पाया बदलला. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत आली, पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना उभा राहिला, रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली आणि १९९८ मध्ये तेथून पुढे कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. कमावती माणसे पाळ्यांवर, पनवेल-मुंबईकडे किंवा परदेशी गेली, कुटुंबे लहान झाली, तर औषधोपचारांमुळे आयुर्मान स्वातंत्र्याच्या वेळच्या सुमारे ३२ वर्षांवरून ७० च्या आसपास गेले. वृद्ध वाढले, राखणारे डोळे घटले आणि पूर्वी दहा जणांत विभागलेला भार एकाच व्यक्तीवर, बहुधा सुनेवर, मुलीवर किंवा स्वतः वृद्ध असलेल्या पत्नीवर, येऊन पडला. अशा व्यक्तीला आज काळजीवाहक म्हणतात. झोपमोड, एकटेपण आणि सततची अपराधी भावना यांमुळे तिचे स्वतःचे आरोग्यही ढासळते.

या भाराची दखल भारतात उशिरा घेतली गेली. डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने १९९२ साली केरळमध्ये अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. त्यानंतर शेजारच्या गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांसह एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या सहा महिने घरी जात, आजार समजावून सांगत, चिडचिड किंवा भटकणे कसे हाताळावे हे दाखवत आणि इतर नातेवाइकांना कामात वाटेकरी करत. गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञाचा सल्लाही मिळे. त्यातून काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारल्याचे आणि रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाल्याचे दिसून आले.

कोकणी घराच्या जुन्या व्यवहाराशी या प्रयोगाचे नाते उघड आहे, कारण दोन्हींचे बळ भार वाटून घेण्यात आहे; फरक एवढाच की पूर्वी ही वाटणी घराच्या व धंद्याच्या रचनेतून आपोआप होई, आता ती जाणीवपूर्वक करावी लागेल. पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, गावोगावी आशा, म्हणजे गावातूनच निवडलेल्या आरोग्य कार्यकर्त्या, आहेत आणि २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटींची कल्पनाही मांडलेली आहे. या कार्यकर्त्यांना स्मृतिभ्रंशाचे प्रशिक्षण आणि त्या कामाचा रास्त मोबदला मिळाला, ग्रामपंचायती व महिला मंडळांनी आठवड्यातून काही तासांची बदली सोबत उभी केली आणि भावंडांनी पैशाबरोबर वेळही वाटून घेतला, तर माजघरात एकट्या पडलेल्या काळजीवाहकाला विसावा मिळेल. शतकभर ज्या श्रमांची मोजदाद कोणी केली नाही, त्यांना शासनाच्या नोंदीत, अंदाजपत्रकात आणि कुटुंबाच्या हिशेबात स्थान देणे हे या दोन्ही तालुक्यांचे आणि साऱ्या महाराष्ट्राचे थकलेले देणे आहे.