डिकीतली पान्यांची पिशवी

जुनी गाडी बघायला गेलं की लोक रंग बघतात, इंजिन ऐकतात. मी आधी डिकीतली पान्यांची पिशवी उघडतो. गाडीचा खरा इतिहास तिथे असतो!

दुसऱ्या महायुद्धातली जीप घ्या. विलिसच्या आराखड्यावर फोर्डनेही जीपा बनवल्या आणि आपल्या पार्टांवर, अगदी पान्यांवरही 'एफ' ठोकला. आज जीपवेड्यांसाठी तीच अस्सलपणाची खूण. साहजिकच नक्कल करणारेही 'एफ' ठोकतात.

आपल्याकडे महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. तिचे नटबोल्ट इंचातले. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट ११०० डी आली, ती मिलिमीटरवाली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे गेलेच समजा. म्हणून नशिराबादवरून जाणाऱ्या जुन्या सहा नंबरच्या हायवेवर दोन्ही गाड्या दुरुस्त करायच्या तर दोन्ही मापं जवळ हवीत. हरवलेल्या पान्याच्या जागी मग नाशिकच्या टपारियाचा यायचा, नाहीतर जुन्या बाजारातला.

हल्ली रिस्टोरेशनवाले ही सरमिसळ भंगारात देतात आणि चकचकीत नवा 'ओरिजिनल' सेट ठेवतात. नकलेला माझी हरकत नाही. फक्त त्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि आजचं साल हवं. आणि जुनी पिशवी मात्र टाकू नका राव. कारखान्याचा सेट कंपनीचा इतिहास सांगतो. सरमिसळ पिशवी गाडी कुठे अडली आणि कशी निघाली, ते सांगते.