कुंपण नेमकं कुठे घालायचं? जिनिंगच्या भिंतीपासून लेझर स्कॅनरपर्यंत

सुरक्षा लेझर स्कॅनरवर वाचायला घेतलंत की पहिला प्रश्न हाच पडतो: हा यंत्रापासून किती लांबचं क्षेत्र राखणार? त्याचं सूत्र आहे. पण ते पाठ करण्याआधी थोडा इतिहास बघू, बीडच्या कापसापासून.

इथे कापूस निघतो दिवाळीच्या आसपास आणि जिनिंग चालतं हंगामापुरतं. 1881 च्या फॅक्टरी कायद्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायची तरतूद होती. पण तो लागू व्हायला 100 कामगार आणि वर्षातले किमान चार महिने काम लागायचं. हंगामी कारखाने त्यातून निसटत. 1911 च्या कायद्याने त्यांना आत घेतलं. बीड मात्र निजामाच्या राज्यात. ब्रिटिश हिंदुस्थानचे हे कायदे इथे लागू नव्हते.

पुढे स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाना अधिनियमात कलम 27 आलं. कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर चालू असेल त्या भागात स्त्रिया आणि मुलांना कामाला ठेवायला त्यात मनाई होती. अपवाद एकच: कापूस आत घालायची बाजू आणि बाहेर पडायची बाजू यांच्यामध्ये छतापर्यंत, किंवा निरीक्षक लिहून देईल तितकी उंच, भिंत असली, तर घालायच्या बाजूला काम चालायचं. इथे सुरक्षा म्हणजे तुम्ही भिंतीच्या कुठल्या बाजूला होता, एवढंच.

मग शेतात मळणीयंत्र आलं. पेंढी आत सारताना हात जायचे. इथे भिंत घालून भागत नाही, कारण माणसाने जवळ येणं हेच काम आहे. 1979 च्या भारतीय मानकाने पेंढी सारायच्या पन्हळीचं माप ठरवलं: लांबी किमान 900 मि.मी., त्यातला किमान 450 मि.मी. भाग झाकलेला. हे माप माणसाच्या हाताच्या लांबीवरून आलेलं आहे. 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा केंद्रीय कायदाही झाला.

आता स्कॅनर. त्याचा किरण कुणाला अडवत नाही. तो फक्त माणूस आल्याचं सांगतो. म्हणून मोजायचा तो वेळ: यंत्र थांबेपर्यंत माणूस किती चालेल? आयएसओ 13855 च्या 2010 च्या आवृत्तीत जमिनीला समांतर क्षेत्रासाठी चालण्याचा वेग सेकंदाला 1600 मि.मी. धरतात. त्याला एकूण थांबण्याच्या वेळेने गुणायचं आणि 1200 वजा किरणाच्या उंचीच्या 0.4 पट, एवढं मिळवायचं. हा मिळवायचा आकडा 850 च्या खाली नेत नाहीत.

समजा किरण 200 मि.मी. उंचीवर आहे आणि स्कॅनर, रिले, यंत्र धरून 0.6 सेकंद लागतात. 960 अधिक 1120, म्हणजे 2080 मि.मी. ब्रेक झिजला आणि वेळ 1.1 सेकंद झाला, तर 2880 हवेत. स्कॅनर तिथेच, दिवा हिरवाच, आणि कुंपण 80 सेंटिमीटर अपुरं. भिंतीचं असं होत नाही.

म्हणून नवं साधन आलं की जुनं टाकाऊ, असं समजू नका. जिनिंगमध्ये हवेत रुईची धूळ असते. स्कॅनर तिलाच माणूस समजून यंत्र थांबवू शकतो. हे वारंवार झालं की कुणीतरी तो बंद करून ठेवणारच. शिवाय वीज तोडल्यावरही बराच वेळ फिरत राहणाऱ्या रोलरला स्कॅनर काय करणार? तिथे कुलूपबंद जाळीच बरी. फिरणं थांबेपर्यंत न उघडणारी.

संशोधनाचा विषय घेताना हेच लक्षात ठेवा. कॅटलॉगमधला प्रतिसादाचा वेळ हा स्कॅनरचा असतो. यंत्र थांबायला लागणारा वेळ तुम्हालाच जागेवर मोजावा लागतो, आणि तोही एकदाच मोजून चालत नाही.