राजाचा गळ आणि भोयाचे आमिष

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी मासळीची गोष्ट काढली, तर काही वाचक नाक मुरडतील हे मी जाणून आहे. आमचा बीड जिल्हा पडला वारकऱ्यांचा. माळकऱ्यांची घरे गावोगाव. परंतु ही गोष्ट मासे खाण्याची नसून मासे ओळखण्याची आहे, आणि ती लिहून ठेवणारा गृहस्थ चांगला छत्रचामरांचा धनी, म्हणजे राजा होता. तेव्हा सोवळ्यातल्या वाचकांनीही घटकाभर नदीकाठी बसायला हरकत नाही.

हा राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर. सहाव्या विक्रमादित्याचा हा मुलगा. त्याचे बिरुद 'भूलोकमल्ल'. शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असा त्याचा शंभर अध्यायांचा पसारा. राज्य मिळवावे कसे येथपासून मांडे, पुऱ्या, वडे कसे करावे येथपर्यंत सारे काही त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथातली. म्हणून मराठीच्या अभ्यासकांना त्याचे मोठे प्रेम. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादिला. १९२५ ते १९६१ या काळात त्याचे तीन खंड निघाले.

त्यातल्या 'विनोदां'च्या विंशतीत, म्हणजे राजाच्या करमणुकींत, कुस्ती आहे, कोंबड्यांची झुंज आहे, ससाण्याची शिकार आहे, गाणे आणि कथा आहे. त्यांच्याच पंगतीला 'मत्स्यविनोद' बसला आहे. गळाने मासे धरण्याचे हे शास्त्र!

आता कल्याणीच्या राजाचा बीडशी संबंध काय, असे कोणी विचारील. हा सारा मुलूख त्या राज्यात होता. अंबाजोगाईजवळच्या धर्मापुरीचे केदारेश्वराचे देऊळ त्याच काळाची साक्ष देत उभे आहे. शिवाय आमची मांजरा नदी पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि लातूरवरून वाहत बिदरच्या मुलखात शिरते. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, त्याच बिदर जिल्ह्यात. आमच्या डोंगरावरचे पाणी राजाच्या मुलखात जात होते, एवढे नाते मला पुरे आहे.

सोमेश्वराने सुमारे पस्तीस जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवले असलेले कोणते, नसलेले कोणते. थोर कोणते, लहान कोणते, अशी त्याने प्रतवारी लावली आहे. मग येतो चाऱ्याचा विचार. एका जातीला तिळाची पेंड, दुसरीला हरभऱ्याचे पीठ, तिसरीला भात, आणि मांसभक्षकाला मांस. एक जागा निवडून तेथे मासे खाऊ घालून माणसाळवावे, आणि मग गळ टाकावा, ही त्याची रीत. इंग्रजांना आपल्या गळाच्या विद्येचा केवढा अभिमान! परंतु ज्युलियाना बर्नर्स या बाईच्या नावावर सांगितला जाणारा त्यांचा या विषयावरचा पहिला छापील प्रबंध वेस्टमिन्स्टरला निघाला १४९६ साली. आमच्या राजाचे लेखन त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर निबंध लिहिला, तेव्हा कोठे तो विद्वानांच्या नीट नजरेस आला.

या विद्येचे मर्म एकच: आमिष निवडायचे ते माशाचे तोंड पाहून. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, मासा वासावर चालतो. तेव्हा गांडूळ उत्तम. कार्तिकात पाणी निवळले की त्याला दिसू लागते. मग हलणारे आमिष चालते. शिंगाळ्याला मिशा असतात; तो तळ चाचपीत फिरतो, म्हणून गळाला वजन बांधून आमिष तळाशी सोडावे. मरळ हवा घ्यायला वर येतो, म्हणून त्याला पाण्याच्या वरच्या अंगाला बेडकी दाखवावी. रोहू शाकाहारी वळणाचा. त्याला कणकेची किंवा पेंडीची गोळी.

दूर अमेरिकेच्या कोलंबिया नदीत सामन आणि स्टर्जन हे दोन मोठे मासे आहेत. त्यांनाही हाच नियम लागू पडतो. स्टर्जनला दात नसतात. तोंडापुढच्या मिशांनी तो तळ हुंगत जातो, म्हणजे आमच्या शिंगाळ्याचाच दूरचा भाऊबंद शोभावा. सामन समुद्रातून अंडी घालायला नदीत चढतो तेव्हा खाणे जवळजवळ सोडतो, तरी आमिषावर झडप घालतो. इकडे पिलांची राखण करणारा मरळही भूक नसताना असाच चवताळून गळाला लागतो. मात्र तेव्हा त्याला धरले, तर मागे उरलेली पिले इतर माशांच्या तोंडी जातात. भूक आणि राग यांतला हा फरक जाणणे, हीच खरी पारख.

आता माझा प्रश्न. राजवाड्यात बसलेल्या सोमेश्वराला हे सारे कोणी शिकवले? पस्तीस माशांच्या आवडीनिवडी सिंहासनावरून कळत नाहीत. त्या कळतात पहाटेच्या गारठ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहणाऱ्याला. ती नावे ग्रंथात नाहीत. राजाने विद्या उचलली, श्लोकात बसवली. भोयाचा आणि कोळ्याचा उल्लेख मात्र त्याबरोबर आमच्यापर्यंत पोचला नाही. तरीही मी राजाला दोष देत नाही. त्याने लिहिले नसते, तर एवढेही उरले नसते.

सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, मांजरेवर धनेगावचे झाले. जलाशयांत बीज सोडून मासे वाढवतात, तागाच्या दोरीची जागा नायलॉनच्या तंगुसाने घेतली. पाण्यामुळे शेते भिजली, याचा आनंद कोणाला नाही? पण माजलगावकडच्या एका वृद्ध भोयाला मी आमिषाविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, जाळ्याला आमिष लागत नाही. पोरं कशाला शिकतील?" त्याला ठाऊक असलेल्या माशांची नावे मी वहीत उतरवू लागलो, दोन पाने भरली, आणि त्यातली निम्मी नावे मला शब्दकोशात सापडली नाहीत.

यंदाच्या दिवाळीत माझे वाचकांकडे मागणे एवढेच आहे. तुमच्या गावच्या नदीवर असा कोणी म्हातारा असेल, तर सुटीत शिकल्यासवरल्या मुलांना वही घेऊन त्याच्याकडे पाठवा. कोणत्या माशाला काय आवडते ते लिहून घ्या. आणि राजाकडून राहून गेले ते करा, सांगणाऱ्याचे नाव वहीच्या पहिल्या ओळीत घाला.